पहिल्या धुण्याची परीक्षा

परवा एका बारशाला गेले होते. बाळाला आलेल्या आहेरात हाताने शिवलेलं एक दुपटं होतं. पिवळ्या रंगावर हिरवे पोपट, चारी बाजूंनी सॅटिनची झालर आणि पोपटांच्या डोळ्यांच्या जागी चमकणारे काळे मणी. शिवणाऱ्या वहिनी समोरच बसल्या होत्या. दुपटं या हातातून त्या हातात फिरत होतं आणि जी ती "अगंबाई, किती छान!" म्हणत होती. माझ्या हातात आल्यावर मी सवयीने ते उलटं करून पाहिलं. आतलं अस्तर टेरिकॉटचं. टाके इतके लांब, की बाळाची करंगळी सहज अडकावी. मणी एकेरी दोऱ्याने ओवलेले, एखादा सुटला तर थेट बाळाच्या तोंडात.

मी काय म्हटलं असेल? "छान झालंय हो वहिनी." आणि पुढे सरकवून दिलं.

रात्री काही झोप लागेना. सकाळी फोन करून मण्यांचं तेवढं सांगितलं. वहिनी थोड्या फुरंगटल्या, पण मणी काढून तिथे काळ्या दोऱ्याने गाठी मारल्या, असं नंतर कळलं.

मैत्रिणींनो, हस्तकलेतल्या चुका कशा टाळाव्यात यावर सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं थोडं मी आज सांगणारही आहे. पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक आपल्या या "छान"मध्ये आहे. बायकांनी हाताने केलेल्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही. नवरा ठेवत नाही, कारण त्याने ती नीट पाहिलेलीच नसते. जाऊबाई ठेवत नाहीत, कारण वाईटपणा कोण घेणार? स्वयंपाकात मीठ जास्त पडलं तर घरातली पाच माणसं पाच वेळा ऐकवतात, आणि महिनाभर खपून केलेल्या पडद्याची शिलाई तिरकी गेली तर एकजण बोलत नाही. याचा अर्थ सरळ आहे, त्या कामाला कोणी काम समजतच नाही. विरंगुळा समजतात. आणि विरंगुळ्यात कसल्या आल्या चुका!

घरच्या घरी आहे तोवर हे चालून जातं. पण आज गावोगाव बचत गट आहेत, मुंबईच्या 'महालक्ष्मी सरस'पासून तालुक्याच्या जत्रेपर्यंत बायकांचे स्टॉल लागतात. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली सुरू झालं, नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून किती जणींच्या हातात स्वतःचा पैसा आला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथे मात्र "छान" म्हणून पुढे सरकवणारी नणंद-भावजय नसते. तिथे गिऱ्हाईक असतं. ते एकदा घेतं, घरी नेऊन धुतं, आणि पुन्हा येतं किंवा येत नाही.

आमच्याकडे ते आलं नाही. ती गोष्ट आज सांगते. एवढी वर्षं गटाबाहेर कुठे सांगितली नव्हती.

२०१८ सालचा पावसाळा. आमच्या गटातल्या सात जणी गोधड्या शिवतात. सांगली-कोल्हापूरकडे आम्ही वाकळ म्हणतो. एका मोठ्या शहरातल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाने आमची दोन दुपटी नमुना म्हणून ठेवून घेतली, पसंत केली आणि दिवाळीसाठी तीसची ऑर्डर दिली. अट एकच. जुनं कापड चालणार नाही, सगळं नवं कोरं पाहिजे.

आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. पण आमच्या वाकळीची सगळी विद्या उभी आहे ती जुनेरावर. आजीच्या हातची वाकळ म्हणजे काय, तर दहा-पंधरा वर्षं नेसून, धुऊन, पिळून मऊसूत झालेलं लुगडं. जे आटायचं ते केव्हाच आटलेलं. जो रंग जायचा तो नदीच्या पाण्यात केव्हाच गेलेला. विरलेलं असलं तर मधून फाडून दंड घालायचा, आत घरातल्या मुलांचे सदरे, फाटकी धोतरं पसरायची आणि धावदोरा घालत सुटायचं. आजीने आईला आणि आईने मला टाका शिकवला, पण 'कापड आधी धुऊन घे' असं दोघींपैकी कोणी कधी सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरजच पडली नव्हती.

नवं कापड हा वेगळाच प्राणी आहे. नव्या सुती कापडात खळ असते, ते मागावर ताणून विणलेलं असतं. पाण्यात पडलं की ताण सुटतो आणि कापड आत येतं. साधा मांजरपाट पहिल्या धुण्यात वारामागे इंच-दोन इंच आटताना मी स्वतः मोजला आहे. वरचं कापड आटलं आणि आतलं आटलं नाही, की दुपट्याला जागोजागी फुगे येतात, किंवा सगळं दुपटं आकसून पापडासारखं वाकडं होतं. म्हणून नवं कापड फाडण्याआधी धुवायचं. नुसतं भिजवून नव्हे, तर गिऱ्हाईक पुढे जसं धुणार आहे तसं धुवायचं. ते कोमट पाणी आणि साबण वापरणार असेल तर आपणही तेच वापरायचं. मग सावलीत वाळवून, थोडं दमट असतानाच इस्त्री मारायची आणि त्यानंतरच माप घ्यायचं. हे मला माहीत होतं. कधीकाळी स्वतःच्या भाचीचं झबलं आटवून मी ते शिकले होते. त्यामुळे गटातल्या सगळ्यांना सक्त ताकीद दिली. भर पावसाळ्यात तीस दुपट्यांचं कापड धुऊन कुठे वाळवायचं? आम्ही समाजमंदिरात दोऱ्या बांधल्या. चार दिवस तिथे फक्त मलमल लोंबत होतं आणि भजनी मंडळाची माणसं खाली वाकून आत-बाहेर करत होती.

रंगाचंही पाहिलं. वरच्या छापील कापडाचा एकेक तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून कोमट साबणाच्या पाण्यात तासभर ठेवला आणि फडकं कोरं निघालं तेवढीच कापडं घेतली. इथे एक सांगून ठेवते. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हे आपण सगळ्या जणी ऐकत आलो आहोत. रंगाऱ्याच्या हौदात मिठाचा उपयोग असतो, काही रंग कापडाला धरायला त्याची मदत होते. पण एकदा रंगून, वाळून, दुकानात आलेल्या कापडाचा कच्चा रंग आपल्या बादलीतल्या मिठाने पक्का होईल याचा काही भरवसा नाही. जादाचा रंग धुऊनच घालवावा लागतो. तीन-चार पाण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी लावायचंच नाही. पिशव्या करा, पायपुसणं करा.

एवढी काळजी घेतली. आणि मग मी शहाणपणा केला.

नमुन्याची दोन दुपटी आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी शिवली होती. त्यांचा टाका म्हणजे पेरलेले तांदूळ, एकसारखे. त्यांनी नेहमीचा पांढरा दोरा वापरला होता. मला वाटलं, पांढऱ्यावर पांढरा टाका दिसतच नाही, एवढी मेहनत वाया जाते. लाल दोरा घेतला तर टाका कसा उठून दिसेल! मावशी म्हणाल्या, "ताई, नमुन्याला पांढरा दिलाय, पांढराच राहू दे." मी ऐकलं नाही. बाजारातून लाल सुती रिळं मीच आणली, स्वस्त मिळाली म्हणून दोन डझन आणली.

कापड धुतलं, कापडाचा रंग तपासला. दोऱ्यालाही रंग असतो हे सात जणींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. तीस दुपटी दिसायला देखणी झाली. दुकानदार खूश. आठ विकली गेली आणि पंधरा दिवसांत तीन परत आली. पहिल्याच धुण्यात प्रत्येक टाक्याच्या भोवती गुलाबी डाग पसरला होता. एका दुपट्याबरोबर बाळाचं पांढरं झबलंही रंगलं होतं. दुकानाने उरलेली बावीस परत पाठवली, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

हिशेब सांगते, कारण हिशेब न सांगणं ही आपली आणखी एक खोड आहे. एका दुपट्याला कापड आणि दोरा मिळून दीडशे रुपये. तिसांचे साडेचार हजार. पाच दुपट्यांचे साडेतीनशेप्रमाणे साडेसतराशे हाती आले. पावणेतीन हजार रुपये गटाच्या शिलकीतून गेले. तुम्ही म्हणाल, पावणेतीन हजार म्हणजे काही फार नाही. थांबा. ३६ बाय ४२ इंचाचं दुपटं, अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी. म्हणजे ४२ इंच लांबीच्या ७१ ओळी झाल्या. हा धावदोरा पावणेत्र्याऐंशी वार भरतो. इंचाला पाच टाके धरले तर एका दुपट्यात पंधरा हजारांच्या आसपास टाके. एका ओळीला दहा मिनिटं लागली तरी बारा तास, वर कच्चे टाके आणि कडेची पट्टी धरून चौदा. तीस दुपट्यांचे ४२० तास. सात जणींचे प्रत्येकी साठ तास, रात्री स्वयंपाकघर आवरल्यावरचे.

आणि हे गणित मांडलं तेव्हा दुसरी चूक वर आली, जी रंग पक्का असता तर कधी दिसलीच नसती. साडेतीनशेतून दीडशे गेले, राहिले दोनशे. भागिले चौदा तास. तासाला सव्वाचौदा रुपये! म्हणजे ऑर्डर सुरळीत पार पडली असती तरी आम्ही शेतमजुरीपेक्षाही कमी पैशांत राबणार होतो, आणि हसत हसत पुढची ऑर्डर घेणार होतो. भाव ठरवताना आम्ही फक्त कापडाचा खर्च धरला होता आणि 'बाकी सुटतील ते आपले' असं म्हटलं होतं. घड्याळ लावून एक दुपटं शिवून पाहायला काय हरकत होती? पण बाईच्या रात्रीच्या वेळेला किंमत असते, हे आधी बाईलाच पटावं लागतं.

आता यातला मला सगळ्यात जड जाणारा भाग. बावीस दुपटी परत आली त्या आठवड्याच्या बैठकीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, मावशींना आता दिसत नाही, पाण्याचा हात लागला असेल. कोणी म्हणालं, त्यांनी घरचा जुना दोरा वापरला असेल. मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. रिळं मी आणली हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. इतरांना चार शब्द सांगणारी, गटाची वही ठेवणारी, पदवी घेतलेली मी, गप्प बसले. पुढच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. निरोप आला, गुडघा दुखतोय.

मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. मी म्हटलं, "मावशी, चूक माझी होती, तुम्ही सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "ते मला ठावं हाय. गटात सांगशील का?" सांगितलं. पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, वहीत लिहून. सोपं गेलं नाही. पावणेतीन हजारांपैकी निम्मे मी घरखर्चातून भरले, ते घरी कळल्यावर जे ऐकावं लागलं ते वेगळंच.

हे सगळं एवढ्या विस्ताराने सांगते, कारण 'चुका टाळण्याच्या दहा युक्त्या' वाचून चुका टळत नाहीत असा माझा अनुभव आहे. युक्त्या मला पाठ होत्या. मला ताकीद देणारं माणूसही समोर होतं. ऐकून घ्यायची सवय तेवढी नव्हती. नमुना पसंत झाला की त्यात सुतभरही बदल करायचा नाही. करायचाच असेल तर नवा नमुना शिवायचा, तो तीनदा धुवायचा, मग विचारायचं. गिऱ्हाइकाने धुवायच्या आधी आपण धुवायचं, एवढंच ते आहे. आता आम्ही प्रत्येक ऑर्डरमागे एक वस्तू जास्तीची करतो आणि ती खुशाल वापरून, चोळून, उन्हात टाकून खराब करतो. तिचा खर्च भावात धरतो.

शिवणाची दोन-चार बोटभर कामं सांगते, ज्यात नवशिक्या हमखास अडकतात. थर एकमेकांवर पसरताना जमीन सपाट हवी, गादीवर पसरून चालत नाही. मधून काठाकडे हात फिरवत हवा काढायची आणि कच्चे टाके मधूनच सुरू करायचे. जुन्या बायका काठाकडून आत शिवत येतात, पण त्यांचा हात बसलेला असतो. आपण तसं केलं तर सगळी जादा झोळ मध्ये गोळा होते. दोरा हातभरच घ्यावा. सुई ओवायचा कंटाळा म्हणून वावभर दोरा घेतला की त्याच्या गाठी सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. सुती कापडाला सुतीच जोड द्यावी. टेरिकॉट आटत नाही, घाम टिपत नाही आणि गरम इस्त्री फिरली की आक्रसतं. जुन्या टी-शर्टचं कापड ताणलं जातं, ते वाकळीत घालायचंच असेल तर आतल्या थरात.

विणणाऱ्यांसाठी एकच. लोकर लागेल तेवढी एकदम आणावी आणि गुंडीवरच्या पट्टीवरचा लॉट नंबर सगळीकडे एकच आहे ना ते पाहावं. दुकानात तोच दिसणारा निळा रंग स्वेटरच्या बाहीवर वेगळा दिसतो, आणि तोवर जुना लॉट संपलेला असतो. कापडावर रंगवणाऱ्या मुली रंग वाळला की लगेच पाण्यात घालतात. तसं करू नये. तो नीट वाळू द्यावा, डबीवर लिहिलं असेल तशी उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी, दोन-तीन दिवस पाणी लावू नये. आणि दिवाळीच्या पणत्या सजवणाऱ्यांनी कृपा करून वातीच्या चोचीजवळ आरसे, कुंदन, लेस चिकटवू नये. उष्णतेने डिंक सुटतो आणि लेस पेट घेते. दिसायला कितीही सुंदर असली तरी ती पणती घरात लावण्याजोगी नसते. प्रदर्शनात मी असल्या पणत्या पाहते आणि हल्ली "छान" म्हणत नाही. स्टॉलवरच्या मुलीला बाजूला घेऊन सांगते. चारचौघांत सांगायचं नाही हेही मी शिकले आहे. दहापैकी सात जणी तोंड वाकडं करतात, तिघी विचारतात, "मग काय लावू?" त्या तिघींसाठी पायपीट परवडते.

हल्ली एका दिवसात दहा वस्तू शिकवणारे वर्ग निघाले आहेत. मुली हौसेने जातात, दहा अर्धवट वस्तू घेऊन येतात. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण त्या दहांतली एक निवडून ती दहा वेळा केल्याशिवाय विकायला मांडू नका, एवढं मात्र म्हणेन. आणि वर्ग घेणाऱ्या ताईंना विचारा, तुमची वस्तू सहा महिन्यांनी कशी दिसते, तेवढी दाखवा.

त्या बावीस दुपट्यांचं काय झालं? त्यातल्या चौदांचा लाल दोरा उसवून पुन्हा पांढऱ्याने शिवली. धुतलेलीच नसल्यामुळे कापड कोरं होतं, वाचलं. त्या उसवण्याचे तास मी मोजले नाहीत. उरलेली आठ आम्हीच ठेवून घेतली. आता मावशींची नातही गटात येते आणि तासाचा दर लावून भाव काढते. आमचं दुपटं आता महाग आहे, आणि कमी विकलं जातं, पण जे विकलं जातं त्याचे पैसे आम्हाला मिळतात.

गटाच्या पत्र्याच्या ट्रंकेत मलमलीचा एक पांढरा तुकडा घडी करून ठेवला आहे. नवं रीळ आणलं की मावशी त्यावर त्या दोऱ्याची एक ओळ घालतात, तुकडा साबणाच्या पाण्यातून काढतात आणि वाळवून पाहतात. हिरवा, निळा, पिवळा, दोन प्रकारचे काळे, अशा वीसेक ओळी झाल्या असतील. सगळ्यात वरची ओळ लाल आहे, भोवती बोटभर गुलाबी पसरलेली. नवीन मुलगी गटात आली की मावशी तो तुकडा उलगडतात आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून सांगतात, "ही आमच्या ताईंची."